प्रतिपक्षाच्या कारभारावर टीका कशी करावी

लोकसभेच्या वा विधानसभेच्या निवडणुकीत मतदार पुष्कळदा अशा प्रश्नांवर कौल देत असतो, की ज्यांचे दप्तर त्याने पाहिलेले नसते आणि ज्यांचा निर्णय कोणत्या दालनात, कोणाच्या सहीने झाला, हे जाणून घेण्याचे साधनही त्याच्या हाती नसते. परंतु नगरपरिषद, महानगरपालिका, जिल्हा परिषद किंवा पंचायत समिती यांच्या निवडणुकीत वक्ता ज्या कारभाराविषयी बोलत असतो, त्या कारभाराचे बरेवाईट फळ समोर बसलेला श्रोता रोज सकाळी नळाला पाणी येण्याची वाट पाहताना, मुलाला शाळेत पोहोचविताना आणि रात्री बंद दिव्याच्या खांबाखालून घरी परतताना प्रत्यक्ष भोगीत असतो. अशा श्रोत्यापुढे प्रतिपक्षाच्या धोरणावर टीका करावयाची, तर ती मोघम असून चालत नाही. आणि आपल्याकडे गावोगावच्या प्रचारात मोघम टीकाच सर्वाधिक ऐकू येते. ‘भ्रष्ट कारभार’, ‘विकासाचा बोजवारा’, ‘टक्केवारीचे राजकारण’ हे शब्द सत्ताधारी आणि विरोधक सारख्याच आवेशाने उच्चारतात, त्यामुळे ते मतदाराच्या कानावर पडतात, पण मनात उतरत नाहीत. निवडणुकीला उभे राहणाऱ्या उमेदवारांनी आणि त्यांच्यासाठी राबणाऱ्या कार्यकर्त्यांनी या टीकेची तयारी कशी करावी, तिची साधने कोठे सापडतात आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली गोष्ट अखत्याराची. 1992 सालच्या 73व्या व 74व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायत राज संस्थांसाठी 29 आणि नागरी संस्थांसाठी 18 विषयांच्या सूची घटनेला जोडल्या खऱ्या. परंतु सूचीत विषय असणे आणि त्या विषयाचा पैसा व अधिकार संस्थेच्या हाती असणे, यांत पुष्कळ अंतर आहे, हे प्रत्येक नगरसेवक जाणतो. शहराच्या मध्यातून जाणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो. पाणीयोजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने हाती घेतलेली असू शकते. उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाचे असते, तर प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते. ज्या खड्ड्यांची जबाबदारी नगरपरिषदेवर नाही, त्या खड्ड्यांवरून नगरपरिषदेतील सत्ताधाऱ्यांना धारेवर धरणारा वक्ता जाणत्या मतदाराचा विश्वास गमावतो आणि अजाण मतदाराची दिशाभूल करतो. तथापि अखत्यार नाही म्हणून प्रश्नच संपला, असेही नाही. त्या रस्त्यासाठी नगरपरिषदेने बांधकाम विभागाकडे कधी, किती वेळा लिहिले, पत्राला उत्तर आले की नाही, न आल्यास स्मरणपत्र गेले की नाही, हे जावक नोंदवहीवरून समजते, आणि पाठपुरावा केला नसेल, तर तो न करणे हा निःसंशय टीकेचा विषय आहे. मात्र टीका पाठपुराव्याच्या अभावावर आहे, खड्ड्यांवर नाही, हे भाषणात स्पष्ट असले पाहिजे.

याच संदर्भात प्रशासकांच्या राजवटीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. 2022 पासून महाराष्ट्रातील अनेक महानगरपालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा यांच्या मुदती संपल्या आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायप्रविष्ट राहिल्यामुळे त्यांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती गेला. त्या काळात ज्या निविदा निघाल्या, जी कामे मंजूर झाली, जे कर बदलले, त्यांचे माप पूर्वीच्या नगराध्यक्षांच्या पदरात घालणे हे सरळ असत्य होय. आणि प्रशासक राज्य शासनाने नेमला म्हणून त्याचा प्रत्येक आदेश राज्यातील सत्ताधारी पक्षाच्या माथी मारणे हेही पुराव्यावाचून करू नये. जो निर्णय मंत्रालयाच्या लेखी निर्देशावरून झाला, तो शासनाचा. जो प्रशासकाने आपल्या अधिकारात घेतला, तो त्याचा. आणि जो लोकनियुक्त सभेने मुदत संपण्यापूर्वी घेतला, तो त्या सभेतील बहुमताचा. टीकेचा मसुदा करण्यापूर्वी कागदाच्या समासात तारीख लिहून ठेवण्याची सवय लावली, तर हा घोटाळा होत नाही.

आता साधनांकडे वळू. प्रतिपक्षावरील टीकेचे सर्वांत भक्कम साधन प्रतिपक्षाच्याच दप्तरात असते, हे माझे ठाम मत आहे. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, तिचे इतिवृत्त, विषय समित्यांचे ठराव, अर्थसंकल्प, घरपट्टी व पाणीपट्टीच्या मागणी-वसुलीचे तक्ते आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अहवाल, एवढे कागद ज्याने नीट वाचले, त्याला व्यासपीठावर आवाज चढविण्याची गरज पडत नाही. हे कागद मिळविण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा 2005 सालचा कायदा आहे. जोडपत्र ‘अ’ प्रमाणे अर्ज, त्यावर 10 रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक, आणि माहिती देण्यासाठी 30 दिवसांची मुदत. यावरून उघड आहे, की निवडणूक जाहीर झाल्यानंतर अर्ज करणारा कार्यकर्ता मतदानाच्या दिवसापर्यंत हात हलवीत बसेल. अर्ज त्यापूर्वी काही महिने करावयास हवेत. शिवाय जिल्हास्तरीय व स्थानिक कार्यालयांनी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय 2018 मध्ये निघालेला आहे. या दोन तासांचा उपयोग करणारे लोक फार थोडे आहेत, ही खेदाची गोष्ट आहे.

इतिवृत्त कसे वाचावे, हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण पुष्कळ कार्यकर्ते ठरावाचा फक्त मथळा वाचतात. समजा, गावाबाहेरच्या जागेत व्यापारी संकुल बांधण्याचा ठराव आहे आणि तो ठराव म्हणजे लोकांच्या पैशाची उधळपट्टी होती, असे आपल्याला म्हणावयाचे आहे. प्रथम ठरावाचा क्रमांक व दिनांक टिपून घ्यावा. मग सूचक कोण आणि अनुमोदक कोण, हे पाहावे. पुष्कळदा सूचक सत्ताधारी पक्षाचा आणि अनुमोदक विरोधी पक्षाचा असतो. त्यानंतर शेवटची ओळ वाचावी. तेथे ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेले असेल, तर त्या सभेला आपल्या पक्षाचे कोण सभासद हजर होते, हे हजेरीच्या यादीवरून ताडून पाहावे. ते हजर असतील आणि त्यांनी विरोध नोंदविलेला नसेल, तर तो ठराव तितकाच आपलाही आहे, आणि त्यावर आज टीका करावयाची असल्यास आपल्या सभासदांनी त्या वेळी मौन का पाळले, याचा खुलासा आधी केला पाहिजे. माझ्या मते विरोधी पक्षांची अर्धी टीका याच एका ओळीपाशी अडखळते. याउलट एखाद्या सभासदाने लेखी हरकत नोंदविली असेल, किंवा नगरपरिषदांच्या 1965 सालच्या अधिनियमातील कलम 308 खाली ठरावाची अंमलबजावणी तहकूब करावी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे दरखास्त केली असेल, तर तो कागद म्हणजे टीकेचा पाया आहे. तो जसाच्या तसा लोकांपुढे ठेवावा.

अर्थसंकल्पाचे वाचनही असेच सावधपणे करावे लागते. त्यात तीन स्तंभ असतात: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. सत्ताधारी पक्ष आपल्या पत्रकांत नेहमी तिसरा स्तंभ छापतो, कारण अंदाज कितीही फुगविता येतो. टीकाकाराने पहिला स्तंभ धरावा. जलवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी समजा 40 लाखांची तरतूद जाहीर झाली, सुधारित अंदाजात ती 15 लाखांवर आली आणि प्रत्यक्षात 6 लाख खर्च झाले, तर तीन वर्षांच्या अर्थसंकल्पांतील हे तीन आकडे एका ओळीत मांडावेत आणि त्या ओळीखाली काहीही लिहू नये. कायद्याने वा शासन निर्णयाने बंधनकारक असलेल्या खर्चाच्या बाबीही तपासाव्यात. नागरी संस्थांनी दिव्यांगांच्या कल्याणासाठी 5 टक्के आणि महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के निधी राखावयाचा असतो. तो राखला गेला का, राखला असल्यास खर्च झाला का, आणि खर्च झाला असल्यास मार्चच्या अखेरच्या पंधरवड्यात घाईघाईने शिलाईयंत्रांच्या खरेदीत संपला का, हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. ग्रामीण भागात पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा 60 टक्के हिस्सा पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बंधित ठेवलेला होता. ज्या गावात तो निधी आला आणि तरीही नळ कोरडे राहिले, तेथे टीकेला आणखी अलंकाराची आवश्यकता नाही.

लेखापरीक्षणाच्या अहवालाविषयी मात्र एक इशारा देणे भाग आहे. अहवालातील आक्षेप म्हणजे अपराधाचा निर्णय नव्हे. पावती जोडलेली नाही, मोजमाप पुस्तकात नोंद अपुरी आहे, मंजुरीपूर्वी कामाचा आदेश दिला गेला, अशा स्वरूपाचे आक्षेप बहुतेक प्रत्येक संस्थेवर निघतात आणि त्यांतील पुष्कळांचे अनुपालन पुढे होते. म्हणून आक्षेप उद्धृत करताना त्याचे अनुपालन झाले की नाही आणि रक्कम वसूलपात्र ठरविली होती की नाही, या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. जिल्हा परिषदांच्या बाबतीत विधिमंडळाची पंचायती राज समिती प्रत्यक्ष भेट देऊन अशा आक्षेपांची छाननी करते; तिने साक्षीसाठी कोणाला बोलाविले आणि कोणती शिफारस केली, हे कळले तर टीकेला अधिकृत आधार मिळतो. ‘लाखोंचा घोटाळा उघडकीस’ असा मथळा देऊन केवळ आक्षेपाची रक्कम छापणारे पत्रक सत्याशी प्रामाणिक नाही, आणि उद्या आपला पक्ष सत्तेवर आल्यावर तेच शस्त्र आपल्यावर उलटणार, हे पक्के समजावे.

घरपट्टी हा तर प्रत्येक नगराच्या निवडणुकीतील ठरलेला विषय. त्यावर जितके बोलले जाते, तितके समजून बोलले जात नाही. एखाद्या नगरात कराची देयके वाढून आली, की ‘सत्ताधाऱ्यांनी घरपट्टी वाढविली’ अशी हाकाटी सुरू होते. तेथे कार्यकर्त्याने स्वतःच्या घराचे जुने आणि नवे देयक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. कराचा दर बदलला आहे, की दर तोच असून मालमत्तेचे करयोग्य मूल्य बदलले आहे? दर ठरविणे हे सभेचे काम. मूल्य बदलले असेल, तर ते चतुर्वार्षिक फेरआकारणीमुळे बदललेले असते, आणि ती आकारणी अधिनियमाने सांगितलेलीच आहे. देयकाच्या खालच्या भागात शिक्षण कर आणि रोजगार हमी कर या ओळी असतात, तो पैसा नगरपरिषद केवळ गोळा करून राज्य शासनाकडे भरते. त्याचा दोष नगराध्यक्षाला देणे अज्ञानाचे ठरते. एवढी छाननी केल्यावर टीकेचे खरे स्थान सापडते. फेरआकारणी कायदेशीर असली, तरी हरकतींसाठी मुदत पुरेशी दिली होती का? सुनावणी प्रत्यक्ष झाली, की एका दिवसात शेकडो अर्जदारांच्या सह्या घेऊन आटोपली? झोपडीवजा घराची वाढ आणि मुख्य बाजारातील गाळ्याची वाढ यांचे प्रमाण न्याय्य आहे का? मोठ्या थकबाकीदारांची नावे वसुलीच्या यादीत वर्षानुवर्षे तशीच असताना लहान घरमालकाच्या दारावर जप्तीची नोटीस लागते का? या प्रश्नांतून निघणारी टीका धोरणावरची टीका असते, आणि ती ऐकताना मतदार आपल्या घरातील देयक आठवतो.

धोरण आणि त्याची अंमलबजावणी हे दोन वेगळे विषय आहेत आणि त्यांवरील टीकाही वेगळी असते, याचे आपल्या इतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली संमत केला; महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 रोजी त्यास अनुसरून आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला; आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्यावर गेले, तोपर्यंत तो ठराव दप्तरात निजून होता. धोरण निर्दोष, अंमल शून्य. पुढे 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने तो ठरावच रद्द केला, तेव्हा मात्र धोरणच दोषास पात्र झाले. आजच्या टीकाकारानेही प्रतिपक्षाचा ठराव वाईट आहे, की ठराव चांगला असून तो अमलात आलेला नाही, हे प्रथम ठरवावे. चांगल्या ठरावाला विरोध करून आपण प्रतिपक्षाचे श्रेय आणखी दृढ करतो. ठरावाच्या अंमलाचा हिशेब मागितला, तर ठराव करणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविलेले आहे. ‘योजनाच फसवी’ असे म्हणण्यापेक्षा ‘या गावातील किती घरांना 55 लिटर पाणी पोहोचते’ असे विचारणारा उमेदवार अधिक जड प्रश्न टाकतो.

पुराव्याच्या बाबतीत नामदार गोखल्यांच्या आयुष्यातील दोन प्रसंग प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. 1897 साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत असता, पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर असलेल्या गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची वार्ता त्यांना पुण्याहून आलेल्या पत्रांतून कळली आणि त्यांनी ती तेथील वृत्तपत्रातून जाहीर केली. परंतु स्वदेशी परतल्यावर पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही पुराव्यानिशी पुढे येईना, तेव्हा गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. प्लेगच्या तपासणीत लोकांना जाच झाल्याच्या तक्रारी खऱ्या होत्या, त्या पुण्यात घरोघर बोलल्या जात होत्या. पण सिद्ध न झालेल्या एका आरोपाने, सिद्ध होऊ शकणाऱ्या साऱ्या तक्रारींचे बळ हिरावून नेले. तेच गोखले पाच वर्षांनी, 1902 साली, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हाती सरकारनेच प्रसिद्ध केलेले आकडे होते. आकडेवारीच्या कामी गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकाचे साहाय्य त्यांना लाभलेले होते, आणि प्रजा दुष्काळाने गांजलेली असताना सरकारी तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा अधिक घेतला जातो, हा त्यांचा युक्तिवाद सरकारच्या जमाखर्चावरूनच निघत होता. मिठावरील कर दुसऱ्याच वर्षी उतरला. प्रत्येक तालुक्यातील पक्षशाखेने असा एखादा ‘जोशी’ शोधावा: निवृत्त लेखापाल, शाळेतील गणिताचा शिक्षक, सहकारी पतसंस्थेचा हिशेबनीस. सभा गाजविणारे दहा वक्ते मिळतात, ताळेबंद वाचणारा एक मिळणे कठीण असते, आणि तो मिळाला तर त्याला व्यासपीठावरील वक्त्याइतकाच मान द्यावा.

टीकेबरोबर पर्याय सांगावा, हे सर्वजण म्हणतात. तो कसा सांगावा, हे क्वचित सांगितले जाते. महात्मा जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताच्या थाटासाठी 1,000 रुपये खर्चण्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी विरोध करून तोच पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी लावावा, असे सुचविले, आणि विरोध करणारे ते एकटेच होते. या विरोधाचे मर्म असे, की रक्कम तीच, तिजोरी तीच, फक्त खर्चाची बाब निराळी. स्थानिक संस्थेच्या टीकाकाराने पर्याय नेहमी असाच मांडावा. आज मात्र पर्याय म्हणून सर्रास करमाफीची आश्वासने दिली जातात. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, तेव्हापासून तशीच माफी आपल्या नगरालाही हवी, अशी मागणी ठिकठिकाणच्या प्रचारात निघते. ही मागणी करणाऱ्याने आपल्या नगरपरिषदेच्या जमेच्या बाजूत घरपट्टीचा वाटा किती, त्यातील लहान घरांचा किती, आणि तो गेल्यावर सफाई कामगारांचा पगार कोणत्या रकमेतून निघणार, याचे उत्तर त्याच पत्रकात छापावे. 1999 साली नगरपरिषदांची जकात बंद झाल्यापासून या संस्था शासनाच्या सहायक अनुदानावर किती विसंबून राहिल्या आहेत, हे ज्याने पाहिले आहे, तो उरलेसुरले हक्काचे उत्पन्न सोडून देण्याचे आश्वासन सहजासहजी देणार नाही.

व्यक्ती आणि धोरण यांच्यातील सीमारेषा निवडणूक आचारसंहितेने स्पष्ट केलेली आहे. अन्य पक्षांची धोरणे, कार्यक्रम आणि त्यांचे पूर्वीचे काम यांवर टीका करण्यास पूर्ण मोकळीक. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खाजगी आयुष्यावर, अथवा पडताळा न घेतलेल्या आरोपांवर आधारलेल्या टीकेस मनाई. आणि जातीच्या वा धर्माच्या भावनेला आवाहन सर्वथा वर्ज्य. याखेरीज निवडणुकीच्या निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे विधान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 175 प्रमाणे दंडनीय अपराध आहे, आणि बदनामीचे कलम 356 तर बाराही महिने लागू असते. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा मला येथे एका गोष्टीची अधिक काळजी वाटते. 2011 पासून महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि स्त्री उमेदवारावर टीका करताना तिच्या कामाऐवजी तिच्या नवऱ्याचा, सासऱ्याचा, बोलण्याचालण्याचा उद्धार करण्याची हीन रीत अजून गेलेली नाही. तिने कोणत्या ठरावाला मत दिले, आपल्या प्रभागातील कोणता प्रश्न सभेत मांडला, किती सभांना गैरहजर राहिली, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पतिराज तिच्या खुर्चीवर बसून अधिकाऱ्यांना हुकूम सोडत असतील, तर त्या गैरप्रकारावरही अवश्य बोट ठेवावे. याच्या पलीकडे एक शब्दही जाऊ नये.

आघाड्यांच्या राजकारणाने टीकेपुढे आणखी एक पेच उभा केला आहे. राज्यात एकत्र नांदणारे पक्ष नगरात परस्परांविरुद्ध उभे राहतात आणि त्याला ‘मैत्रीपूर्ण लढत’ म्हणतात. कालचा सत्तेतील भागीदार आज प्रतिपक्ष होतो. अशा वेळी संयुक्त सत्तेच्या काळातील निर्णयांवर टीका करणाऱ्याने त्या निर्णयातील आपल्या पक्षाचा हिस्सा आधी मान्य करावा. नगराध्यक्षपद त्यांचे आणि पाणीपुरवठा सभापतिपद आपले असेल, तर कोरड्या नळांवर बोलताना आवाज बेताचाच ठेवणे शोभते. राज्यपातळीवरील धोरणांचेही असेच आहे. 2016 साली युती सरकारने नगराध्यक्षाच्या थेट निवडणुकीची पद्धत स्वीकारली, 2020 साली महाविकास आघाडी सरकारने ती मोडली आणि 2022 साली सरकार बदलताच थेट पद्धत परत आली. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्याचे, अशी कोंडी ज्या नगरांनी अनुभवली, तेथे या पद्धतीवर साधकबाधक चर्चा अवश्य व्हावी. मात्र ती करताना आपल्या पक्षाने कोणत्या साली कोणती भूमिका घेतली होती, हे विसरता कामा नये, कारण श्रोत्यांपैकी कोणी ना कोणी ते विसरलेले नसते.

आता प्रत्यक्ष पत्रकाविषयी. एका पत्रकात एकच विषय घ्यावा, आणि तो शक्यतो त्या प्रभागाचाच घ्यावा. साऱ्या शहराच्या बारा तक्रारी छापलेला कागद कोणी घडी उलगडून वाचीत नाही. विधानाखाली ठरावाचा क्रमांक, दिनांक किंवा अर्थसंकल्पाचे पृष्ठ द्यावे. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्याच शब्दांत, मोडतोड न करता मांडावे, मग आपला आक्षेप, मग पर्याय आणि त्याचा खर्च; एवढ्यास छापील एक पान पुरते. मुद्रक व प्रकाशक यांची नावे असलीच पाहिजेत. निनावी पत्रक वाटणारा कार्यकर्ता स्वतःच्या पक्षाला चोरासारखे वागावयास लावतो. कोपरासभेत प्रतिपक्षाच्या एखाद्या चांगल्या कामाचा उल्लेख आला, तर तो टाळू नये. वाचनालय उत्तम चालले असेल, तर तसे म्हणावे. त्याने पुढच्या टीकेचे वजन वाढते, हा माझा विश्वास आहे. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफितींच्या बाबतीत तर अतिशय कडक नियम पाळावा. हल्ली कोणाच्याही तोंडी कोणतेही वाक्य घालता येते. जिचे मूळ चित्रीकरण कोणी, कोठे, कधी केले, हे सांगता येत नसेल, ती चित्रफीत पुढे पाठवू नये, मग ती आपल्या कितीही फायद्याची असो.

मतदानाच्या आदल्या रात्री सोडलेल्या आरोपाविषयी माझे मत कठोर आहे. ज्या आरोपाला उत्तर देण्याइतका वेळ प्रतिपक्षाला मिळत नाही, तो आरोप खरा असला तरी अन्याय्य आहे. म्हणून सर्व महत्त्वाचे आक्षेप प्रचाराच्या पहिल्या आठवड्यातच जाहीर करावेत आणि प्रतिपक्षाचे उत्तर आले, तर ते आपल्याच सभेत वाचून दाखवून त्याचा परामर्श घ्यावा. उत्तर समाधानकारक असेल, तर आक्षेप जाहीरपणे मागे घ्यावा. असे करणारा उमेदवार काही मते गमावील, असे सांगणारे सल्लागार प्रत्येक पक्षात असतात. त्यांचे ऐकू नये.

निवडणूक आटोपल्यावर हे सारे कागद रद्दीत जातात, तसे होऊ देऊ नका. जिंकलात, तर नव्या सभागृहाच्या पहिल्याच अर्थसंकल्पीय सभेत, ज्या बाबीवर तुम्ही प्रतिपक्षाला दोष दिला होता, त्याच बाबीवर तुमची सूचना लेखी द्या आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्या. हरलात, तर सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका दर वेळी मागवा आणि माहितीच्या अधिकाराचा पुढचा अर्ज निकालाच्या दुसऱ्याच सोमवारी दाखल करा.